विंचवाचे बिऱ्हाड

गेल्या मार्गशीर्षात चौलच्या दत्तयात्रेच्या निमित्ताने मी काकांकडे जाऊन राहिलो होतो. भोवाळ्याच्या टेकडीवर दर्शन घेऊन परतलो तो वाडीच्या फाटकापाशी मुंबईची एक नवी कोरी मोटार उभी. मागल्या अंगास, गोठ्याच्या पलीकडे, पोफळींच्या सावलीत काकांची जुनी मॅटाडोर गेली अठरा वर्षे उभी आहे. एक तरुण गृहस्थ तिच्याभोवती प्रदक्षिणा घालीत होते. मधूनच वाकून खालचा सांगाडा पाहावा, मधूनच पत्र्यावर बोटाने टिचकी मारून कान द्यावा, असा त्यांचा क्रम चालला होता.

भंगारवाल्याने मागे याच गाडीचे वजनावर ४०,००० रुपये सांगितले होते. या गृहस्थांनी दीड लाख सांगितले. काकांनी ती १९८४ साली जुनीच घेतली, तेव्हाही तिला इतके पैसे पडले नव्हते. परंतु गृहस्थांची योजना निराळी होती. गाडीचे तोंड कापून तेथे जुन्या जर्मन फोक्सवॅगनचा तो सुप्रसिद्ध वाटोळा चेहरा बसवावयाचा, दोन रंग द्यावयाचे, आणि किहीमच्या रस्त्यावर तिच्यात कॉफीचे दुकान थाटावयाचे.

काका म्हणाले, "तोंड दुसरंच लावायचं, तर मग माझीच गाडी कशाला हवी? सांगाडा कुठलाही चालेल."

"काका, लोकांना जुनं काहीतरी बघायला आवडतं," ते गृहस्थ मोठ्या अदबीने म्हणाले. "तुमची गाडी जुनी आहे, पण ती लोकांच्या ओळखीची नाही."

हे वाक्य माझ्या मनातून जाईना. ज्या गाडीतून या किनाऱ्याच्या दोन पिढ्यांनी प्रवास केला ती लोकांच्या ओळखीची नाही. आणि जी गाडी या रस्त्यांवर क्वचितच कोणी पाहिली असेल ती मात्र ओळखीची! हा चमत्कार कसा घडला, हे पाहण्यासाठी थोडे इतिहासात शिरावे लागेल.

फोक्सवॅगनच्या गाडीची जन्मकथा अगदी साधी आहे. दुसरे महायुद्ध संपले तेव्हा वोल्फ्सबर्गचा कारखाना ब्रिटिश लष्कराच्या ताब्यात होता. कारखान्याच्या आवारात सुटे भाग इकडून तिकडे नेण्यासाठी कामगारांनी मोटारीच्या सांगाड्यावर फळ्या ठोकून एक ओबडधोबड गाडी केली होती. बेन पॉन नावाचा एक डच व्यापारी तेथे मोटारी खरीदण्यास आला असता त्याची नजर तिजवर पडली. १९४७ च्या एप्रिलात त्याने आपल्या वहीत एका चौकोनी पेटीचे चित्र काढले. मागे इंजिन, पुढे चालक, आणि मध्ये जे काय भरावयाचे ते. १९५० च्या मार्चपासून ही पेटी कारखान्यातून बाहेर पडू लागली. प्रारंभीच्या इंजिनाची ताकद अवघी २५ अश्वशक्ती! पाववाला, रंगारी, नळदुरुस्ती करणारा, अशा बेताच्या भांडवलाच्या लोकांसाठी ती होती. पुढल्याच वर्षी वेस्टफालिया या जर्मन गाडीकारखान्याने तिच्यात बसविण्याजोगा बिछाना, कपाट आणि स्वयंपाकाची फळी असा संच विकावयास काढला, आणि पाववाल्याच्या गाडीची घरगाडी झाली. तीच पुढे 'कॅम्पर व्हॅन' या नावाने जगभर प्रसिद्धीस आली.

अमेरिकेत ती गेली ती प्रथम मोठ्या कुटुंबांच्या सहलीसाठी. पाचदहा वर्षे वापरून झाल्यावर ती जुन्या बाजारात अत्यंत स्वस्त मिळू लागली, आणि घर सोडून निघालेल्या तरुणांच्या हाती पडली. तिच्यावर फुले रंगविणारे हे तरुण तिच्या सौंदर्यावर लुब्ध झाले होते असे नव्हे. खिशात पैसे नव्हते आणि तिच्यात चारजण निजू शकत होते, एवढेच. १९७६ साली स्टीव्ह जॉब्स यांनी आपल्या उद्योगाचे भांडवल उभे करण्यासाठी जी वस्तू विकून टाकली ती त्यांची फोक्सवॅगन बस होय. उपयोग असेतोवर ठेवावी आणि नड लागली की विकावी, हाच तेव्हा तिचा भाव होता.

याच गाड्यांतून, तसेच जुन्या बसगाड्यांतून, ती पोरे पूर्वेकडे निघाली. इस्तंबूल, तेहरान, हेरात, काबूल, खैबर खिंड, लाहोर, दिल्ली असा तो मार्ग. लंडनहून कलकत्त्यास बसगाडी तर १९५७ सालीच येऊन गेली होती. पण १९६५ नंतर या वाटेला जत्रेचे स्वरूप आले. गोवा १९६१ च्या डिसेंबरात पोर्तुगीजांच्या हातून सुटला होता, आणि तेथील समुद्रकाठ या यात्रेकरूंचे जणू पंढरपूर बनला. मुंबईहून पुष्कळसे लोक आगबोटीने जात. ज्यांच्याजवळ स्वतःची गाडी असे ते पनवेल, पेण, वडखळ, नागोठणे, माणगाव, महाड, पोलादपूर या मार्गाने कशेडीचा घाट चढत. म्हणजे आमचा अख्खा कुलाबा जिल्हा (त्यास रायगड हे नाव १९८१ पासून मिळाले) त्यांच्या वाटेत उभा आडवा पडलेला होता. महाडजवळ सावित्रीवरील ब्रिटिश अमदानीतला जो दगडी पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरात कोसळला आणि दोन एसटी गाड्या घेऊन गेला, त्याच पुलावरून ती बिऱ्हाडेही गेली.

मी स्वतः अशी गाडी एकदाच पाहिली. सात-आठ वर्षांचा होतो. आजीबरोबर वडखळ नाक्यावर अलिबागच्या एसटीची वाट पाहात होतो. रस्त्याच्या कडेस एक गाडी उभी होती. तिच्या खिडक्यांना पडदे होते, ही गोष्ट मला फारच अद्‌भुत वाटली. दाराशी एक गोरी बाई स्टोव्ह पेटवून काहीतरी शिजवीत होती आणि तिचे मूल नागडेच मातीत खेळत होते. भोवती जमलेली माणसे हसत होती. 'हरे रामा हरे कृष्णा' हा देव आनंदचा चित्रपट १९७१ साली येऊन गेल्यापासून अशा लोकांविषयीचे आमच्या समाजाचे मत ठरलेलेच होते. आजी मात्र हसली नाही. "विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर," एवढेच ती पुटपुटली, आणि पिशवीतून एक शहाळे काढून तिने त्या बाईला नेऊन दिले.

१९७९ साल उजाडले आणि ही वाट बंद झाली. फेब्रुवारीत इराणात क्रांती झाली. डिसेंबरात रशियाच्या फौजा अफगाणिस्तानात शिरल्या. आलेल्या गाड्याही येथे फारशा राहिल्या नाहीत. परदेशी गाडी हिंदुस्थानात आणावयाची तर ती ठराविक मुदतीत परत नेण्याची हमी देणारे 'कार्ने' नावाचे कागदपत्र लागे. न नेली तर जकात गाडीच्या किमतीहून भारी पडे. तेव्हा आमच्या किनाऱ्यावर आज जो कोणी जुन्या फोक्सवॅगनच्या आठवणीने गहिवरतो तो बहुधा चित्रातली आठवण काढीत असतो.

आता किमतीची कथा. जर्मनीत या गाडीचा जुना साचा १९७९ मध्ये बंद झाला, तरी ब्राझीलमध्ये तो २०१३ च्या अखेरीपर्यंत चालू होता. तेथे नव्या मोटारींना हवेच्या पिशव्या आणि चाके न अडकू देणारे ब्रेक सक्तीचे झाले, आणि त्या वृद्ध पेटीत ते बसविणे परवडेना. इकडे १९७० च्या सुमारास वीस वर्षांची असलेली माणसे नव्या शतकात साठीकडे झुकली. केस गेले, पैसा आला. विशीत जी गाडी त्यांनी पाचपन्नास डॉलरांची घासाघीस करून घेतली किंवा विकली तिच्याच जातीची एक, १९६३ सालची तेवीस खिडक्यांची गाडी, २०११ साली अमेरिकेतील एका लिलावात २,१७,८०० डॉलरांस गेली. २०१७ साली एकवीस खिडक्यांच्या एका गाडीस ३,०२,५०० डॉलर पडले. २५ अश्वशक्तीची पाववाल्याची गाडी राजाच्या रथाच्या भावाने विकली गेली! यात लबाडी कोणाची नाही. अशा गाड्यांचा पत्रा गंजाने खाल्ला जातो, त्यामुळे शिल्लक गाड्या थोड्या आणि दरवर्षी आणखी थोड्या. मागणारे मात्र पैसेवाले. शिवाय खऱ्या शौकिनांनी आपल्या हाताने त्या दुरुस्त केल्या, बंद पडलेले सुटे भाग पुन्हा घडविले, एक कसब जिवंत ठेविले, हेही कबूल केले पाहिजे.

गतकाळाच्या या ओढीस इंग्रजीत 'नॉस्टॅल्जिया' म्हणतात. हा शब्द योहानेस होफर नामक वैद्यकीच्या एका विद्यार्थ्याने १६८८ साली बाझल येथे बनविला, आणि तो बनविला रोगाचे नाव म्हणून. स्विस तरुण भाडोत्री शिपाई म्हणून परमुलखात जात, डोंगरातल्या घराच्या आठवणीने झुरत, अन्न टाकीत. त्या व्याधीचे हे नाव. गिरणगावच्या खोलीत दहाजणांत निजणाऱ्या आमच्या चाकरमान्यास होफरकडे नेले असते तर त्याने नाडी न पाहताच निदान केले असते. म्हणजे मूळचा हा गरिबाचा रोग. घरी परतणे हेच त्याचे औषध, आणि तेच विकत मिळत नव्हते. त्या व्याधीचा शौक कधी झाला, हे पाहावयाचे असेल तर दूर जावयास नको. मांडव्यापासून नागावापर्यंत जुन्या घरांचे सागवानी खांब, कड्यांचे झोपाळे, पितळी हंडे यांचे काय झाले ते पाहावे. ज्यांनी ते विकले त्यांच्या घरी आता प्लास्टिकच्या खुर्च्या आहेत. ज्यांनी घेतले त्यांच्या शनिवार-रविवारच्या बंगल्यात हंड्यात फुले तरंगतात. २०२० पासून भाऊच्या धक्क्यावरून मांडव्यास मोटारीसकट बोटीने येता येऊ लागले, तेव्हापासून हंडे अधिक लवकर संपत आहेत.

चाकांवरच्या घराविषयी आणखी एक गोष्ट नमूद करणे मला अगत्याचे वाटते. हौसेखातर घरगाडी बांधविणारा पहिला गृहस्थ म्हणून डॉ. गॉर्डन स्टेबल्स या निवृत्त आरमारी शस्त्रवैद्याचे नाव घेतात. १८८५ साली त्याने ब्रिस्टल येथे महॉगनीची दोन घोड्यांची एक प्रशस्त गाडी करवून घेतली. कल्पना उचलली ती रानोमाळ भटकणाऱ्या जिप्सी लोकांच्या गाड्यांवरून. त्याच काळी हिंदुस्थानात काय चालले होते? १८७१ चा गुन्हेगार जमातींचा कायदा होऊन चौदा वर्षे लोटली होती. गाडीत किंवा गाढवाच्या पाठीवर संसार टाकून फिरणाऱ्या कितीतरी जातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवून त्यांनी पोलीस पाटलाकडे हजेरी द्यावी असा तो कायदा. १९११ नंतर मुंबई इलाख्यालाही त्याचा पूर्ण फास बसला, आणि देशभर तो सुटावयास १९५२ चा ऑगस्ट उजाडावा लागला. डॉक्टरने गाडीत बिऱ्हाड केले तर ती सहल, आणि आमच्या घिसाड्याने किंवा पारध्याने मुक्काम टाकला तर तो संशय. महाराष्ट्र सरकारने २०२१ साली घरगाड्यांच्या पर्यटनाचे धोरण मंजूर केले, तेव्हा मला या जुन्या हजेरीपटाची आठवण झाली. धोरण वाईट आहे असे मी म्हणत नाही. पण गावकुसाबाहेर पाल ठोकणाऱ्यास अजूनही "कुठून आलात?" हा प्रश्न ज्या स्वरात विचारतात तो मी ऐकलेला आहे.

आता मॅटाडोरकडे वळतो. येथे इतिहासाने मोठी गंमत करून ठेविली आहे. हांबुर्ग शहरात व्हिडाल आणि पुत्र यांचा 'टेम्पो' नावाचा कारखाना होता. तीन चाकांच्या भारवाहू गाड्यांबद्दल तो प्रसिद्ध. १९४९ साली, म्हणजे फोक्सवॅगनची पेटी बाहेर पडण्याच्या एक वर्ष आधी, त्याने मॅटाडोर ही चारचाकी काढली, आणि तिच्यात इंजिन घातले ते फोक्सवॅगनचेच! फोक्सवॅगनने पुढे आपली स्वतःची गाडी आणल्यावर प्रतिस्पर्ध्यास इंजिने देणे बंद केले, आणि टेम्पोस इतरत्र हात पसरावे लागले. तेव्हा काकांच्या वाडीत उभी असलेली गाडी ही त्या सुप्रसिद्ध गाडीची परकी कोणी नसून, एकाच काळजावर वाढलेली तिची थोरली चुलत बहीण होय. थोरलीच्या अंगावर धाकटीचा मुखवटा चढविण्यासाठी ते गृहस्थ दीड लाख देऊ करीत होते!

१९५८ साली फिरोदियांच्या पुढाकाराने बजाज टेम्पो ही कंपनी हांबुर्गच्या सहकार्याने स्थापन झाली. आधी तीन चाकांचा टेम्पो आला. १९६९ पासून पुण्याजवळच्या आकुर्डीच्या कारखान्यातून मॅटाडोर निघू लागली, ती २००० सालापर्यंत. तिचे वैशिष्ट्य असे की इंजिनाचा जोर पुढच्याच चाकांना मिळे, त्यामुळे मागे दांडा नाही, आणि गाडीचा तळ खाली व सपाट. यंत्रशास्त्रातली ही बाब आमच्या काकूंस पहिल्याच दिवशी निराळ्या भाषेत कळली. गाडीत डोकावून त्या म्हणाल्या, "बाके काढली तर दोन गाद्या सहज पसरतील हो!"

आणि तशा त्या पसरल्या. पहाटे चारला काका रेवदंड्याच्या बंदरावरून कोळणींना पाट्यांसकट अलिबागच्या बाजारात नेत. परतल्यावर बादल्यांनी गाडी धुवावयाची, उदबत्ती लावावयाची; दुपारी तिच्यातच कोणाचे तरी वऱ्हाड बसे. अत्तर आणि बोंबील यांचा तो संमिश्र वास ज्याने घेतला नाही त्याचे कुलाबा जिल्ह्यातले लग्न पुरे झाले नाही. बाळंतीण अडली की रात्री-अपरात्री दार वाजे ते काकांचेच. शाळेची सहल जंजिऱ्यास निघाली की पंचवीस मुले कोंबली जात आणि राजपुरीच्या धक्क्यावर मोजून उतरविली जात. १९८६ च्या दिवाळीनंतर आम्ही अकराजण पंढरपूर, अक्कलकोट, गाणगापूर, तुळजापूर असे नऊ दिवस तिच्यातून हिंडलो. बाके काढून गाद्या घातल्या होत्या. पुढे काकांच्या पायाशी स्टोव्ह, मागच्या दाराशी पाण्याची कळशी, दशम्यांचे डबे, आजीचे सोवळे एका निराळ्या दोरीवर. रात्री बायका-मुले गाडीत निजत, पुरुषमंडळी देवळाच्या ओवरीत. वेस्टफालियाच्या कारागिरांना जे जे सुचले ते सर्व आमच्या काकूंनी दोन गाद्या आणि एक सुतळीची गुंडी एवढ्यावर साधले होते. आजी त्या प्रवासात एका रात्री म्हणाली, "वडखळची ती गोरी बाई आठवते का रे तुला? आता आपणही तशीच."

पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे घरचे कर्ज फिटावे म्हणून १८५७ साली उत्तर हिंदुस्थानात गेले आणि बंडाच्या आगीतून होरपळून परतले. 'माझा प्रवास' हा त्यांचा ग्रंथ सर्वांस ठाऊक आहे. त्यांच्या वाटेवर मुक्काम धर्मशाळेत, झाडाखाली, कोणाच्या तरी ओसरीवर असत. आमच्याकडे प्रवास म्हणजे नड किंवा देव, यांतले एक. मॅटाडोरने नडही वाहिली, देवही दाखविला, आणि चुकून थोडी हौसही पुरविली. तरीही तिची गणना वारशात होत नाही, आणि त्याचे एक कारण कायद्यातच लिहून ठेविलेले आहे. जुन्या वाहनांच्या नोंदणीसाठी केंद्र सरकारने २०२१ साली नियम केले. पन्नास वर्षांवरील, मूळ रूपात राहिलेल्या दुचाकीस आणि लहान मोटारीस २०,००० रुपये भरून 'व्हीए' अक्षरांचा मानाचा क्रमांक मिळतो. अट एवढीच की ती खाजगी वापराची असावी. म्हणजे जी गाडी संस्थानिकाच्या पागेत उभी राहिली तिच्यापाशी इतिहास आहे. जिने भाडे घेऊन मासळी वाहिली तिच्यापाशी तो नाही. तिने वेळोवेळी तपासणीस उभे राहावे, वाढत गेलेले शुल्क भरावे, नाहीतर भंगारात जावे. नियम करणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता. धूर ओकणाऱ्या जुन्या मालगाड्या मानचिन्ह लावून रस्त्यावर येऊ नयेत, हे योग्यच आहे. परंतु न चालविता नुसती जपून ठेवावी म्हटले तरी श्रमाच्या गाडीस कागदोपत्री म्हातारपण नाही.

आणि खारा वारा तर कोणाचेच कागद पाहत नाही. अलिबागेस वर्षाकाठी दोन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, आणि उरलेले आठ महिने समुद्र आपले काम करीत असतो. कॅलिफोर्नियाच्या कोरड्या हवेत गाडी पन्नास वर्षे टिकते. आमच्याकडे दर दोन वर्षांनी तळाला नवा पत्रा ठोकावा लागे. काकांच्या मॅटाडोरचा मूळ पत्रा किती उरला आहे हे सांगणे कठीण. डाव्या बाजूवर 'श्री दत्त प्रसन्न' ही अक्षरे मात्र अजून वाचता येतात. ती ज्या रंगाऱ्याने काढली तो होड्यांवर नावे काढणारा होता आणि होडीचाच रंग त्याने वापरला होता.

हांबुर्गचा टेम्पो कारखाना दुसऱ्या कंपन्यांच्या पोटात गेला आणि ते नाव रस्त्यावरून नाहीसे झाले. आकुर्डीच्या कंपनीनेही २००५ साली नाव बदलून फोर्स मोटर्स असे घेतले. राहिले ते आमच्या बोलण्यात. कोणत्याही कारखान्याची असो, भाजी आणणारी, विटा नेणारी, गणपती नेणारी लहान मालगाडी म्हणजे टेम्पो. आणि पाठीमागे दार असलेली, दहा-बारा माणसे घेणारी गाडी म्हणजे, निदान माझ्या वयाच्या माणसांच्या तोंडी, मॅटाडोर.

त्या दिवशी गृहस्थ बराच वेळ बसले. काकूंनी त्यांना कोकमाचे सरबत दिले. ते दोन लाखांपर्यंत चढले. काकांनी तोंड न कापण्याची अट घातली. ती त्यांना मान्य होण्यासारखी नव्हती, आणि त्यांच्या धंद्याच्या दृष्टीने त्यांचेही चुकत नव्हते. "विचार करून कळवा, काका," असे म्हणून त्यांनी आपले कार्ड ओटीवर ठेविले. काका काही बोलले नाहीत. पत्र्याला टेकून ठेविलेली झावळे त्यांनी एका अंगास सारली आणि मागचे दार उघडून पाहिले. ते अर्धेच उघडले. आत एक कोंबडी अंड्यांवर बसली होती.

इतक्यात रस्त्यावर भोंगा वाजला. स्वयंपाकघरातून काकूंचा आवाज आला, "अहो, टेम्पो आला वाटतं मासळीचा. कोळंबी असली तर घ्या, आणि याला विचारा, राहतो आहे ना आज?"